व्ही-क्रॉस २.५ (बीएस-४) ला ट्यूनिंग बॉक्स: बसवावा का, आणि बसवताना काय बघावं?

आंबाघाट

नमस्कार मंडळी. गाडी इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, २०१८ चं मॉडेल, २.५ लिटर ४जेके१ इंजिन, पाच गिअर मॅन्युअल. रनिंग लाखाच्या पुढे, वॉरंटी संपलेली. कंपनीचे २४५/७० आर१६ टायर काढून २६५/७५ आर१६ ऑल-टेरेन टाकलेत. मागे लोखंडी कॅनोपी आहे आणि हौद्यात बहुतेक वेळा तीन-चारशे किलो सामान. रूट कोल्हापूर-रत्नागिरी, म्हणजे आंबा घाट ठरलेला.

१८०० आरपीएमच्या खाली गाडी उचलतच नाही. घाटात तिसऱ्यातून चौथा टाकला की पडते, परत तिसरा घ्यावा लागतो. एका दुकानदाराने ट्यूनिंग बॉक्स सुचवलाय. प्लग-इन आहे, वायर कापायची नाही, पॉवर आणि टॉर्क दोन्ही २५ टक्के वाढतील आणि ॲव्हरेजही सुधारेल, असं त्याचं म्हणणं. दुसरा म्हणतो बॉक्सच्या नादी लागू नका, सरळ रीमॅप करा, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅमच बदलून घ्या.

बॉक्स नेमका करतो काय? घरच्या घरी बसवता येतो का? कंपनीचा क्लच आणि टर्बो त्याला पुरेल का? पुढच्या उन्हाळ्यात लडाखचा बेत आहे, तिकडे बॉक्स लावून जावं का? आणि पीयूसी, आरटीओ यांचं काय? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

---

रेलप्रेशर

आधी बॉक्स काय करतो ते बघू, कारण बाकीच्या प्रश्नांची अर्धी उत्तरं त्यातच आहेत.

तुमच्या इंजिनात डेन्सो कंपनीची कॉमन रेल आहे, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना जास्त दाबाचं डिझेल पुरवणारी एकच नळी. रेलच्या टोकाला प्रेशर सेन्सर असतो. त्याला तीन तारा: ५ व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल. रेलमधला दाब वाढला की सिग्नलचं व्होल्टेज वाढतं. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ते वाचतो आणि हवा तेवढा दाब राहावा म्हणून हाय-प्रेशर पंपावरचा एससीव्ही, म्हणजे सक्शन कंट्रोल व्हॉल्व्ह, कमी-जास्त उघडतो.

बॉक्स सेन्सर आणि ईसीयू यांच्या मधे बसतो आणि सिग्नलचं व्होल्टेज थोडं उतरवून पुढे पाठवतो. ईसीयूची समजूत होते की दाब कमी पडतोय, म्हणून तो पंपाला जास्त दाब करायला लावतो. इंजेक्टर पूर्वीइतकाच वेळ उघडतो, पण मागून जोर जास्त असल्याने त्या वेळात जास्त डिझेल आत जातं. ईसीयूमधला प्रोग्रॅम जसाच्या तसा राहतो, त्याला मिळणारी माहिती तेवढी बदलते.

आता २५ टक्क्यांचा हिशेब करा. इंजेक्टरमधून जाणारं डिझेल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. दाब १० टक्के वाढवला तर डिझेल ढोबळमानाने ५ टक्के वाढतं. २५ टक्के जास्त डिझेल हवं असेल तर दाब १.२५ गुणिले १.२५, म्हणजे सुमारे १.५६ पट करावा लागेल. मधल्या आरपीएमला रेलचा दाब अजून वरच्या मर्यादेपासून दूर असतो, तिथे थोडी जागा मिळते. पण पूर्ण लोडवर ही रेल १८०० बारच्या आसपास चालते. तिथे दीडपट दाब पंपही देणार नाही आणि रेलही घेणार नाही. म्हणून दाब वाढवणारा चांगला बॉक्स मधल्या पट्ट्यात, तुमच्या इंजिनात साधारण १८०० ते २८०० आरपीएममध्ये, जाणवतो आणि वर गेल्यावर स्वतःहून मागे सरतो. तसा तो मागे सरत नसेल तर रेलवरचा प्रेशर लिमिटर उघडतो, डिझेल परत टाकीकडे जातं, गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे ईसीयू तिची ताकद मुद्दाम आवरतो. हा लिमिटर एकदा उघडला की पुढे नीट बंद होईलच याची खात्री नसते. मग बॉक्स काढल्यावरही भर लोडवर दाब टिकत नाही.

इंजेक्टरच्या तारांत शिरून इंजेक्टर उघडा राहण्याची वेळ वाढवणारे बॉक्सही मिळतात. त्यांना चार प्लग असतात. त्यांनी जास्त टॉर्क मिळतो, पण इंजेक्शन उशिरापर्यंत चालू राहिल्यामुळे एक्झॉस्टचं तापमान चटकन चढतं. लाखावर चाललेल्या इंजिनाला मी ते सुचवणार नाही.

दोन वस्तूंपासून लांब राहा. एक म्हणजे ओबीडी सॉकेटमध्ये, म्हणजे स्कॅनर लावायच्या जागी, खोचायची लुकलुकणारी स्वस्त डबी. त्यातल्या बहुतेकांच्या आत दिवे लुकलुकवण्यापलीकडे काही नसतं. दुसरी म्हणजे सेन्सरच्या तारेत नुसता रेझिस्टर टाकून बनवलेली 'चिप'. रेझिस्टर लोड ओळखत नाही. तो आयडलिंगलाही दाब वाढवून ठेवतो, मग थंड इंजिन खडखडतं, आरपीएम वरखाली होतो. घेण्यापूर्वी दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: आयडलिंगला बॉक्स सिग्नल किती बदलतो? उत्तर 'अजिबात नाही' किंवा 'जवळपास नाही' असं आलं पाहिजे.

रीमॅपबद्दल. काम चांगलं असेल तर तो बॉक्सपेक्षा केव्हाही सरस, कारण त्यात डिझेल, टायमिंग, बूस्ट (टर्बोने दाबून दिलेली हवा) आणि धुराची मर्यादा हे सगळं एकमेकांना धरून बदलतं. पण करणाऱ्याने तुमच्याच गाडीची मूळ फाइल आधी वाचून तुमच्या हातात दिली पाहिजे. फ्लॅश करताना, म्हणजे नवी फाइल ईसीयूत भरताना, बॅटरीला सपोर्ट चार्जर लावलेला असावा. मधेच व्होल्टेज पडलं तर ईसीयू बाद होऊ शकतो. 'सगळ्या व्ही-क्रॉसला हीच फाइल चालते' असं सांगणाऱ्याकडे गाडी देऊ नका.

---

दहाचा_पाना

बॉक्स घेण्याआधी टायरचा हिशेब करा. २४५/७० आर१६ चा व्यास सुमारे ७४९ मिलिमीटर, २६५/७५ आर१६ चा ८०४. म्हणजे ७.३ टक्के मोठा. तेवढंच तुमचं गिअरिंग लांब झालंय आणि प्रत्येक गिअरमध्ये चाकावरचा ओढ तेवढाच कमी झालाय. स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८६ ने चाललेली असते. त्यात टायरचं स्वतःचं वजन आणि वर कॅनोपी. चौथ्यात पडते ती याचमुळे. पुढच्या वेळी २५५/७० आर१६ घेतलेत तर व्यासातली वाढ २ टक्क्यांच्या आत राहील आणि गेलेल्या दमातला बराचसा भाग फुकट परत मिळेल.

तरीही बॉक्स लावायचाच असेल तर आधी इंजिन निरोगी आहे की नाही ते बघा. आजारी इंजिनावर बॉक्स लावला की लपलेला दोष महागात बाहेर येतो.

स्कॅनर लावा. साधा ईएलएम३२७ ॲडॉप्टर आणि मोबाइल ॲपसुद्धा सुरुवातीला पुरतो. जुने दोषाचे कोड असतील तर आधी ते सोडवा. रेलचा अपेक्षित दाब आणि प्रत्यक्ष दाब हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. गरम इंजिनाला आयडलिंगला साधारण ३०० बारच्या आसपास दिसायला हवं आणि दोन आकडे एकमेकांना चिकटून चालायला हवेत. प्रत्यक्ष आकडा सारखा खालीवर होत असेल तर एससीव्हीवर संशय घ्या. या पंपांचं ते ठाऊक असलेलं दुखणं आहे, आणि पाणी किंवा कचरा असलेल्या डिझेलने ते लवकर येतं. भर रेस दिल्यावर प्रत्यक्ष दाब मागे पडत असेल तर डिझेल फिल्टर, एससीव्ही किंवा जास्त रिटर्न सोडणारा, म्हणजे परतीच्या नळीत जास्त डिझेल सोडणारा, इंजेक्टर. इंजेक्टरची रिटर्न टेस्ट करून घ्या. चार बाटल्या लावायच्या, ठरावीक वेळ इंजिन चालवायचं आणि पातळ्या बघायच्या. एखादी बाटली बाकीच्यांच्या दुप्पट भरली तर तो इंजेक्टर आधी दुरुस्त करा.

मग हवेची बाजू. टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून इनटेकपर्यंतचे होज आणि क्लॅम्प. होजला बाहेरून तेलकट धूळ चिकटलेली दिसली की तिथून हवा गळतेय. खात्री करायची तर टर्बोच्या इनलेटला टोपी लावून कॉम्प्रेसरने हवा भरा आणि साबणाचं पाणी फिरवा. १ बारच्या वर हवा देऊ नका. बूस्ट गळत असताना जास्त डिझेल ओतलं की नुसता काळा धूर निघतो. 'दम नाही' या तक्रारीचं मूळ याच गळतीत सापडण्याची शक्यता भरपूर असते.

एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर नवे टाका, वॉटर सेपरेटरमधलं पाणी काढा. एवढं करून गाडी चालवून बघा. कदाचित बॉक्सची गरजच उरणार नाही.

आता बसवण्याबद्दल. काम अर्ध्या-पाऊण तासाचं आहे, पण घाईचं नाही.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. किल्ली काढा, गाडी लॉक करा आणि १०-१५ मिनिटं थांबा, म्हणजे ईसीयू झोपतो. मग १० च्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. इंजिनावरचं प्लास्टिक कव्हर काढलं की इनटेक मॅनिफोल्डच्या बाजूला रेल आणि तिच्या टोकाचा सेन्सर दिसेल. फक्त इलेक्ट्रिक कनेक्टर काढायचा. सेन्सर खोलायचा नाही आणि रेलच्या लोखंडी पायपांच्या नटांना पाना लावायचा नाही. इंजिन चालू असताना तिथून निघालेली डिझेलची बारीक धार कातडी फोडून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठावा लागतो.

कनेक्टरचं लॉक इतक्या वर्षांच्या उष्णतेने ठिसूळ झालेलं असतं. आधी भोवतीची धूळ हवेने उडवा, लॉक सरळ दाबा, कनेक्टरची बॉडी धरून ओढा. तारेला धरून ओढलं की पिन आतल्या आत सैल होते आणि पुढे कधीतरी भर पावसात पी०१९२ किंवा पी०१९३ हा रेल प्रेशर सेन्सरचा कोड येतो. बॉक्सच्या हार्नेसचं एक टोक सेन्सरला, दुसरं गाडीच्या कनेक्टरला. दोन्हीकडे 'टक' असा आवाज आला पाहिजे. बसल्यावर हलकं ओढून बघा. पिनांवर बोट फिरवू नका. कनेक्टरच्या रबरी सीलला डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात द्या.

बॉक्स इंजिनावर बांधायचा नाही, टर्बो आणि एक्झॉस्टच्या बाजूला तर नाहीच. बॅटरी किंवा फ्यूज बॉक्सजवळ बॉडीला बांधा, तारांची तोंडं खाली ठेवा, म्हणजे पाणी तारेवरून बॉक्सात उतरत नाही. हार्नेस कोरुगेटेड पाइपमधून घ्या आणि गाडीच्या मूळ हार्नेसला धरूनच केबल टायने बांधा. पंख्याचा पट्टा, रेडिएटर होज आणि धारदार कडा यांपासून चार बोटं लांब. कोकणात गाडी रात्री उघड्यावर उभी राहत असेल तर उंदरांचा विचार करा, त्यांना नवी तार हमखास सापडते. जाळीदार धातूचं स्लीव्ह घातलेलं बरं.

बॅटरी जोडा, किल्ली ऑन करून १०-१५ सेकंद थांबा, मग स्टार्ट करा. पाच मिनिटं आयडलिंग. चेक इंजिन दिवा विझला पाहिजे, आवाजात फरक पडता कामा नये. बॉक्स सगळ्यात खालच्या सेटिंगवर ठेवून तीन-चारशे किलोमीटर चालवा. नंतर वाढवायचं तर एक पायरी, आणि त्या वेळी दुसरं काहीही बदलायचं नाही.

बॉक्ससोबत बायपास प्लग येतो. तो ग्लव्ह बॉक्समध्ये कायम असू द्या. रस्त्यात बॉक्स बिघडला तर तो प्लग लावून गाडी मूळ स्थितीत घरी आणता येते.

---

रेलप्रेशर

पान्याने सगळं नीट सांगितलंय. एकच भर घालतो. बॉक्स बसवल्यानंतर स्कॅनरवर दिसणारा रेल प्रेशर खरा नसतो. तो ईसीयूला दाखवलेला आकडा असतो. स्कॅनर १५०० बार दाखवत असेल तर रेलमध्ये १६५० असू शकतात. 'स्कॅनरवर सगळं नॉर्मल आहे' यावर विसंबू नका.

खरं बघायचं तर मल्टिमीटर घ्या. कनेक्टरच्या मागच्या बाजूने, तारेचं इन्सुलेशन न टोचता, आधी सेन्सरकडच्या सिग्नलचं व्होल्टेज मोजा, मग ईसीयूकडच्या. आयडलिंगला दोन्ही जवळपास सारखे हवेत. तिथेच ठळक फरक असेल तर तो बॉक्स परत करा.

---

आंबाघाट

दोघांचेही मनापासून आभार. आधी फिल्टर, रिटर्न टेस्ट आणि बूस्ट गळती हे बघून घेतो. टायर अजून निम्मे शिल्लक आहेत, ते एवढ्यात बदलणं जमणार नाही. सगळं ठीक निघालं तर कुठल्या सेटिंगवर थांबावं? आणि फरक पडला की नाही हे डायनोशिवाय, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राशिवाय, कसं कळणार? लडाखचंही राहिलं.

---

चौथा_गिअर

सेटिंग क्लच आणि एक्झॉस्टचं तापमान बघून ठरवायचं. दुकानदार काय म्हणतो ते बाजूला ठेवा.

क्लचपासून सुरुवात करतो. तुमच्या इंजिनाचा मूळ टॉर्क ३२० न्यूटन मीटर. १५ टक्के वाढला तर ३६८, २५ टक्के वाढला तर ४००. लाखावर चाललेली क्लच प्लेट ४०० घेईल असं धरून चालू नका. चाचणी सोपी आहे. सपाट मोकळ्या रस्त्यावर, सामान भरलेलं असताना, चौथ्या किंवा पाचव्यात १८०० आरपीएमवरून पूर्ण रेस द्या. टॅकोमीटरचा काटा वेगाच्या पुढे पळाला, किंवा २०००-२२०० च्या दरम्यान अचानक उडी मारून खाली आला, तर क्लच घसरतोय. एक पायरी खाली या. तसंच चालवत राहिलात तर प्लेट चकाकते, फ्लायव्हीलवर निळे डाग पडतात आणि क्लच सेटबरोबर फ्लायव्हीलचंही काम निघतं. २६५ टायर आणि कॅनोपीसकट मी १५ टक्क्यांच्या वर जाणार नाही.

एक्झॉस्टच्या तापमानाबद्दल मात्र जरा जास्त बोलतो, कारण पिस्टन त्यानेच जातात. डिझेल इंजिनात जास्त डिझेल म्हणजे जास्त उष्णता. बॉक्स फक्त डिझेल वाढवतो. हवा किती घ्यायची हे ईसीयू ठरवतो आणि त्याच्या हिशेबी डिझेल वाढलेलंच नाही. त्याची धुराची मर्यादाही त्याच चुकीच्या हिशेबावर चालते. मिश्रणात डिझेल जास्त झालं की धूर काळा होतो आणि तापमान चढतं. सपाट रस्त्यावर ओव्हरटेक करताना हे काही सेकंद टिकतं, तिथे फार बिघडत नाही. घाटात सामानासकट दहा-पंधरा मिनिटं सलग पूर्ण रेस, ही मात्र खरी परीक्षा. ॲल्युमिनियमच्या पिस्टनची कड आणि टर्बोची टर्बाइन तिथेच भाजते.

म्हणून ईजीटी गेज, म्हणजे एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा काटा, लावा. बॉक्सला खर्च करणाऱ्याने याला काटकसर करू नये. के-टाइप थर्मोकपल (तापमानाचा सेन्सर), टर्बोच्या आधी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये. टर्बोच्या नंतर लावला तर लोडवर आकडा शंभर-दोनशे अंशांनी कमी दिसू शकतो आणि खोटा धीर मिळतो. मॅनिफोल्डला भोक पाडून १/८ इंच एनपीटीचे आटे पाडावे लागतात. हे मॅनिफोल्ड काढूनच करा. बिडाचा एक कण जरी आत राहिला तर तो थेट टर्बाइनच्या पात्यांवर जातो. गाडी चालवताना ७०० अंश सेल्सियस ही सलग चढाची मर्यादा धरा. क्षणभर ७५० चालेल. ७०० ला पोचलं की एक्सलरेटर सोडा आणि गिअर उतरवा.

गिअर उतरवा हे मुद्दाम लिहितोय. बॉक्स लावल्यावर पाचव्यात १३००-१४०० आरपीएमवर पूर्ण रेस देण्याचा मोह होतो, कारण गाडी आता तिथेही ओढते. टर्बोची हवा अजून आलेली नसते, सिलिंडरमधला दाब प्रचंड, ऑइल आणि कूलंटचा प्रवाह कमी. घाटात २०००-२६०० मध्ये तिसऱ्यात चढणारी गाडी चौथ्यात रेटलेल्या गाडीपेक्षा थंड राहते. वर पोचल्यावर बंद करण्याआधी मिनिट-दोन मिनिटं आयडलिंगला ठेवा, टर्बोला ऑइल मिळू द्या. ऑइल बदलण्याचं अंतरही थोडं कमी करा. मी मॅन्युअलच्या तीन चतुर्थांश अंतरावर बदलायला सांगेन.

फरक मोजण्यासाठी डायनो नसला तरी चालतं. एक सपाट, मोकळा रस्ता ठरवा. चौथ्या गिअरमध्ये खरे ६० ते १००, जीपीएसवर. स्पीडोमीटर नको, टायरमुळे तो चुकीचा आहे. दोन्ही दिशांना प्रत्येकी तीन वेळा, वेळांची सरासरी. टाकी, सामान आणि दिवसाची वेळ सारखी ठेवा. हेच बॉक्सशिवाय आधी करून ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार?

लडाखला बॉक्स काढून, बायपास प्लग लावून जा. खारदुंग ला सुमारे ५,३५९ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा. गाडीचा ईसीयू बॅरोमेट्रिक सेन्सर बघून डिझेल कमी करतो आणि टर्बो जास्त फिरू नये म्हणून बूस्टही आवरतो. बॉक्सला उंची कळत नाही, तो आपली टक्केवारी वर चढवतच राहतो. धूर, तापमान आणि टर्बोवरचा ताण, तिन्ही एकदम वाढतात. त्यातून तुमचा बॉक्स बूस्ट सेन्सरचाही सिग्नल बदलणारा असेल तर टर्बो मर्यादेबाहेर फिरण्याचा धोका खरा आहे. आंबा, कुंभार्ली, आंबोली या घाटांना हा उंचीचा मुद्दा लागू नाही, ते त्या मानाने बुटके आहेत.

---

कागदपत्र_आधी

आरटीओबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने मूळ दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल गाडीत करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२ए आलं. त्याच्या चौथ्या पोटकलमाप्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. 'प्लग-इन आहे, वायर कापलेली नाही' हा कायद्यापुढे बचाव नाही.

पीयूसीला डिझेल गाडीची फ्री ॲक्सलरेशन टेस्ट होते, म्हणजे उभ्या गाडीला न्यूट्रलमध्ये रेस देऊन धूर मोजतात. बीएस-४ गाडीला धुराची मर्यादा के-व्हॅल्यू (धुराच्या दाटपणाचं माप) १.६२, त्याआधीच्या गाड्यांना २.४५. तुमचा बॉक्स मूळ गाडी जिथे पास होत होती तिथे नापास करत असेल तर सेटिंग जास्त आहे, एवढाच त्याचा अर्थ. पीयूसीपुरता बॉक्स काढून पुन्हा लावणं बरोबर नाही. आरशात मागे काळा ढग दिसत असेल तर मागचा दुचाकीवाला तो श्वासात घेतोय.

विमा कंपनीला लेखी कळवा. न कळवलेला बदल अपघातानंतर सर्व्हेअरला दिसला तर क्लेम अडतो, आणि तेव्हा कोणाचाच फोन लागत नाही.

---

नवी_पिकअप

मधेच विचारतो. बीएस-६ व्ही-क्रॉस, १.९ लिटर, १६३ पीएस आणि ३६० न्यूटन मीटर. याला असाच बॉक्स चालेल का?

---

रेलप्रेशर

लावू नका. तुमच्या गाडीत डीपीएफ, म्हणजे एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर, आहे. जास्त डिझेल म्हणजे जास्त काजळी, आणि ती सगळी फिल्टरमध्ये अडकते. ईसीयू फिल्टर किती भरला याचा अंदाज त्याला माहीत असलेल्या डिझेलवरूनही बांधतो, आणि बॉक्समुळे तो अंदाज चुकतो. रिजनरेशन, म्हणजे अडकलेली काजळी जाळणं, वारंवार व्हायला लागतं. त्यासाठी सोडलेल्या जादा डिझेलपैकी थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली की हेच समजा: ऑइल पातळ झालंय आणि बेअरिंगला धोका आहे. पुढे पी२४६३ हा फिल्टर काजळीने भरल्याचा कोड, मग लिंप मोड. शहरात छोट्या फेऱ्या असतील तर हे आणखी लवकर.

कोणी 'मग डीपीएफच काढून टाकू' म्हणाला तर तिथून निघा. ते बेकायदा आहे आणि त्या धुरातले बारीक कण थेट फुफ्फुसात जातात.

१.९ ला दम कमी वाटत असेल तर टायर, बूस्टची गळती, फिल्टर, याच क्रमाने बघा. पान्याने वर लिहिलेलं सगळं तुम्हालाही लागू आहे.

---

आंबाघाट

पुढे वाचणाऱ्यांसाठी लिहितो. इंटरकूलरकडून इनटेककडे जाणाऱ्या होजचा क्लॅम्प ढिला निघाला, होजला तेलकट डागही होता. क्लॅम्प आणि दोन्ही फिल्टर नवे टाकले. रिटर्न टेस्टमध्ये चारही बाटल्या जवळपास सारख्या. घाटात चौथा आता बऱ्यापैकी धरतो. बॉक्स तूर्त थांबवलाय, आधी ईजीटी गेज लावतो.

एक राहिलं. ॲव्हरेज खरंच सुधारतं का? त्या दुकानदाराने एका ग्राहकाच्या डिस्प्लेचा फोटो दाखवला, त्यात लिटरला दीड किलोमीटर वाढलेलं दिसत होतं.

---

दहाचा_पाना

त्या फोटोवर जाऊ नका. डिस्प्लेवरचं ॲव्हरेज ईसीयू काढतो, आणि ते त्याने स्वतः सोडायला सांगितलेल्या डिझेलवरून. टाकीतून प्रत्यक्ष किती गेलं हे त्याला मोजता येत नाही. बॉक्समुळे प्रत्येक इंजेक्शनला ईसीयूच्या हिशेबापेक्षा जास्त डिझेल जातं. तेवढीच गती राखायला तुम्ही एक्सलरेटर कमी दाबता, ईसीयूला वाटतं डिझेल कमी लागलं, डिस्प्लेवर आकडा वाढतो. टाकी मात्र पूर्वीइतकीच रिकामी होते.

खरं मोजायचं तर टाकी फुल ते टाकी फुल. एकच पंप, एकच नोझल, पहिल्या कटऑफला थांबायचं, आणि मधे कमीत कमी ४००-५०० किलोमीटर. तुमचा ओडोमीटर मोठ्या टायरमुळे कमी अंतर दाखवतो, म्हणून त्याच्या किलोमीटरला १.०७ ने गुणा, नाहीतर हा हिशेबही चुकेल. बॉक्सने ॲव्हरेज वाढलं तर ते लवकर वरचा गिअर टाकता आल्यामुळे, आणि तेही थोडंसंच. मिळालेल्या दमाचा वापर ओव्हरटेकला केला की तेवढंही उरत नाही.

गेज लावताना मॅनिफोल्डचं गॅस्केट नवं घ्या आणि स्टड गंजलेले असतील तर आदल्या दिवशीच त्यांवर पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा. जुना स्टड आत तुटला तर अर्ध्या दिवसाचं काम दोन दिवसांवर जातं.